बाईंनी विचारायचं नाही

किटली आणि पहिलीचा वर्ग यांच्यामध्ये नऊ दिवस आडवे आले होते.

नियम साधा होता. शाळा उघडेल त्या दिवशी ज्याला सहा वर्षं पूर्ण झाली तो पहिलीत. ज्याला नाही, त्याने आणखी एक वर्ष बालवर्गात बसायचं. आमच्या लेकीला सहा पूर्ण होणार होती ती शाळा उघडल्यावर नऊ दिवसांनी.

किटली हे तिचं घरातलं नाव. सकाळी डोळे उघडले की तिच्या बोलण्याला जी उकळी फुटते ती झोपेपर्यंत थांबत नाही, म्हणून माझ्या दिरांनी ते ठेवलं आणि तेच चिकटलं. दिरांचा मुलगा ढब्बू तिच्यापेक्षा चौदा दिवसांनी मोठा, म्हणजे तारखेच्या आत पाच दिवस. त्याचा प्रवेश आपोआप झाला. दोघं एकाच घरात रांगली, एकाच टबात आंघोळ करून मोठी झाली. "मला दादा म्हण" आणि "नाही म्हणणार जा" यावरून रोज सकाळी एकदा तरी त्यांची जुंपते, आणि संध्याकाळी एक जेवायला बसल्याशिवाय दुसरं बसत नाही.

ढब्बू पहिलीत आणि किटली बालवर्गात. बस, एवढंच. घरात कोणी आजारी नव्हतं, कोणाची नोकरी गेली नव्हती. पण रात्री उठून कॅलेंडरावर ते नऊ दिवस मोजायला मला एवढं पुरत होतं. पुढची दहा वर्षं प्रत्येक पाहुणा विचारणार, ढब्बू कितवीत, तू कितवीत, आणि अशी कशी गं मागे राहिलीस. मुलं खरं तर विसरतात. पाहुणे विसरत नाहीत.

जाऊबाई विसरू देणार नाहीत, हेही होतंच. तशा त्या मनाने वाईट नाहीत. फक्त मनात आलेलं त्यांना बोलून दाखवावं लागतं.

"आमच्या ढब्बूला कोणी काही विचारणारच नाही," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "त्याचं वयच बोलतं."

"म्हणूनच तो गप्प असतो," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंच्या अनुभवावरच मी तयारी केली होती. आतापर्यंतची पद्धत अशी, की तारीख थोडक्यात हुकलेल्या मुलांना मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आपल्या खोलीत बोलवायच्या, प्रश्न विचारायच्या आणि पाच मिनिटांत हो किंवा नाही सांगून मोकळ्या व्हायच्या. पाच वर्षांपूर्वी जाऊबाईंची थोरली अशीच आत गेली होती. तिला काय काय विचारलं ते मी खोदून खोदून काढलं, शेजारणीच्या भाच्याला विचारलेले त्यात घातले, चार मनाचे वाढवले, आणि बेचाळीस प्रश्नांची यादी केली. तीन महिने आम्ही तीच घोकत होतो. वेणी घालताना, बसची वाट बघताना, बुटांच्या नाड्या बांधताना. नाव काय, पूर्ण नाव काय, घरी कोण कोण असतं, आवडता रंग कोणता, का आवडतो. त्या 'का'चंही उत्तर मी बसवून दिलं होतं. "निळा, कारण तो शांत असतो." किटलीला एरवी विचारलं तर ती रोज वेगळा रंग सांगते.

शिवाय खोकला होता. मी एकदा खोकले की तिने पाठ ताठ करायची. दोनदा खोकले की उत्तराच्या शेवटी 'बाई' म्हणायचं राहिलंय. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं मला धुळीचा त्रास सुरू झालाय. त्याने बिचाऱ्याने औषधाची बाटली आणली, आणि सांगायची लाज वाटली म्हणून मी ती अर्धी संपवली.

आणि शाळा उघडायला पाच आठवडे राहिले असताना राज्याने शाळाप्रमुखांसाठीचा कायदाच बदलला.

नवऱ्याने सकाळी पेपरातला मथळा वाचला, "चला, आता मुख्याध्यापकांनाही अभ्यास," म्हणाला आणि आंघोळीला गेला. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन अख्खा कायदा छापून आणला. चौतीस पानं. कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं, त्याचा संसारात पहिल्यांदा उपयोग होत होता. रंगीत चिठ्ठ्या चिकटवत मी दोन दुपारी घालवल्या. बरीचशी पानं माझ्या कामाची नव्हती. प्रमुखाने आठवड्यातून किती तास वर्गात बसायचं, त्याच्या खोलीच्या दाराला काच हवी, प्रवेशासाठी कोणाची शिफारशीची चिठ्ठी आली तर ती सरळ बाहेरच्या फलकावर लावायची, असं बरंच काही. आमचं होतं ते अकरावं कलम.

तारीख तीस दिवसांच्या आत हुकलेली असेल, तर त्या मुलाचा निर्णय शाळाप्रमुखाने करायचा, आणि स्वतःच करायचा. कारकुनावर किंवा वर्गशिक्षकावर ढकलायचा नाही. मुलाची परीक्षा घ्यायची नाही. दोन दिवस, सकाळच्या वेळी, वर्गात बसून नुसतं पाहायचं. जे दिसलं ते स्वतःच्या हाताने लिहायचं आणि पालकांना वाचून दाखवायचं. पालकांपैकी एकाला मागे बसता येईल, पण बोलायचं नाही, खूण करायची नाही. आणि तिसरं उपकलम असं, की निर्णयावर सही होईपर्यंत प्रमुखाने मुलाला एकही प्रश्न विचारायचा नाही.

मी ते तीनदा वाचलं. बेचाळीस उत्तरं तयार, आणि विचारणारं कोणी नाही.

"बरंच झालं की," नवरा म्हणाला. "सुटलीस."

"सुटले कसली? प्रश्नांची तयारी करता येते. बघण्याची तयारी कशी करायची?"

"करताच येऊ नये म्हणून तर..." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं.

"पोरीला सांगितलंस का, काही विचारणार नाहीत म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. तीन महिने घोकलेलं वाया गेलं, हे सहाही पूर्ण न झालेल्या मुलीला सांगायला जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, कायदा काहीही म्हणो, मोठ्या बाईंना विचारल्याशिवाय राहवणार नाही. एखादा तरी प्रश्न तोंडातून निसटेल. तेवढ्या एका प्रश्नासाठी तयारी असलेली बरी.

अर्ज द्यायला गेले तेव्हा कार्यालयात एक वयस्कर कारकून होते. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी माझा गठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"अर्जाला कायद्याची प्रत जोडायची नसते, ताई."

"ती माझी आहे. सोबत आणलीय."

"सगळी वाचलीत?"

"सगळी."

त्यांनी खुर्ची मागे सरकवून मोठ्या बाईंच्या दारावर टकटक केली. दाराला नवी काच बसवलेली होती, कोपऱ्यात दुकानाचा कागद अजून चिकटलेला. "मोठ्या बाई, सगळं वाचणाऱ्या आणखी एक निघाल्या. चिठ्ठ्यासुद्धा लावल्यात."

मोठ्या बाई बाहेर आल्या. पन्नाशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची बाई, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. त्यांच्या हातातही तीच चौतीस पानं होती, माझ्यापेक्षा जास्त चुरगळलेली.

"अकरावं ना? चौथं उपकलम पाहिलंत?"

"पालकाने खूण करू नये."

"ते तुमचं. माझं तिसरं." त्या काकांच्या टेबलाच्या कडेला टेकल्या. "बत्तीस वर्षं मी मुलांना विचारत आलेय. आम्हा सगळ्या प्रमुखांना तीन दिवस प्रशिक्षणाला बोलावलं होतं. जोड्या लावल्या आणि सांगितलं, तासभर समोरच्याशी बोला, पण काही विचारू नका. माझ्या जोडीचे गृहस्थ वीस मिनिटांत उठून पाणी प्यायला गेले."

"आणि तुम्ही?"

"मी विचारलं, मिळालं का पाणी. झालं, नापास."

काका हसू दाबत माझ्यापुढे हमीपत्र सरकवून खिडकीकडे बघू लागले. मी बोलणार नाही, खूण करणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. मी सही केली. 'खूण' या शब्दाखाली खोकला येतो का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

"तुमची मुलगी पहिली," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे माझीही ही पहिलीच नोंद. सही माझी, जबाबदारी माझी. चुकलं तर वरपर्यंत उत्तर मलाच द्यायचंय." आणि मग जरा हळू, "तुम्ही काळजी करू नका," असं त्या म्हणाल्या, पण ते मला की स्वतःला ते कळलं नाही.

तारीख हुकलेल्या सात मुलांसाठी शाळेने सुट्टीतच सकाळचा वर्ग भरवला होता, नऊ ते साडेबारा, पहिलीच्याच खोलीत. बुटकी टेबलं, भिंतीला मुलांच्या उंचीवर खुंट्या, खिडकीखाली लाकडी ठोकळ्यांची पेटी आणि रंगीत मण्यांचे डबे. शिकवायला नव्यानेच लागलेल्या लहान बाई होत्या. मोठ्या बाई मुलांच्याच एका खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, मांडीवर वही. मागच्या कपाटाला काकांनी अकराव्या कलमाचा कागद मोठ्या अक्षरांत चिकटवला होता. मला त्याच्याच शेजारी बाक मिळालं.

किटली आत आली ती थेट मोठ्या बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. हात मागे, पाय जुळवलेले, शिकवल्याप्रमाणे.

"मी आलेय, बाई."

बाईंनी मान हलवली. हसल्या.

किटली थांबली. बाईही थांबल्या. बाकीची मुलं ठोकळ्यांकडे पळाली, ही तिथेच. मग तिचं लक्ष बाईंच्या चष्म्याच्या दोरीकडे गेलं, मागचा एक हात सुटून पुढे आला, दोरीच्या दिशेने.

आणि मी खोकले.

मुद्दाम नाही. तीन महिन्यांची सवय, घशाने मला विचारलंच नाही. किटलीचा हात झटकन मागे गेला, पाठ ताठ झाली, खांदे कानांपर्यंत वर चढले. घरी सराव करताना मी तिच्यासमोर असायचे, मला तिचा चेहरा दिसायचा. मागून ती अशी दिसते हे मी पहिल्यांदाच पाहत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी कपाटाकडे तोंड करून बसले.

"बाई," किटलीचा आवाज आला आणि मी वळले, "तुम्हाला प्रश्न आठवत नाहीयेत का?"

मोठ्या बाईंनी रुमाल काढून तोंडावर धरला.

"मला येतात सगळे. बेचाळीस आहेत. तुम्ही घाबरू नका, मी विचारते आणि तुम्ही सांगा. चुकलं तरी चालतं." हे शेवटचं माझंच वाक्य. "तुमचं नाव काय?"

बाईंनी कपाटावरच्या कागदाकडे नजर टाकली. मीही टाकली. प्रमुखाने विचारू नये असं लिहिलं होतं. प्रमुखाला कोणी विचारलं तर काय, याबद्दल चौतीस पानांत एक अक्षर नव्हतं. बाईंनी रुमाल खाली घेतला आणि नाव सांगितलं.

"पूर्ण नाव सांगायचं असतं."

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि माझी बहीण."

"मोठी का लहान?"

"मोठी."

"किती दिवसांनी?"

"दिवसांनी नाही गं, चार वर्षांनी."

"मग तुम्ही तिला ताई म्हणता?"

बाई जरा विचारात पडल्या. "भांडताना नाही म्हणत."

हे उत्तर किटलीला फार आवडलं. तिचे खांदे खाली आले. "आवडता रंग कोणता?"

"पिवळा."

"का आवडतो?"

"ते काही मला सांगता यायचं नाही. लहानपणापासून आवडतो."

"'का'चं उत्तर पाहिजे," किटली म्हणाली. "माझं आहे, पण ते आईचं आहे. निळा, शांत असतो म्हणून. पण आज मला केशरी आवडतो."

माझे कान गरम झाले. मोठ्या बाईंचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांना विचारायचं होतं, दिसतच होतं. किटलीलाही दिसलं.

"तुम्हाला काही विचारायचंय का?"

बाईंनी मान नाही म्हणून हलवली. एवढ्या नाखुशीने कोणी मान हलवलेली मी पाहिली नव्हती.

सतरा प्रश्न झाले. तोवर दोन मुलं शेजारी येऊन उभी राहिली होती आणि त्यातल्या एकाने बाईंना स्वतःचा असा विचारला, की तुम्हाला शिट्टी वाजवता येते का. शेवटी लहान बाईंनी सगळ्यांना ठोकळ्यांकडे नेलं. त्या दिवशी घरी पोचल्यावर किटली बूट पायात असतानाच दारात आडवी होऊन झोपली.

संध्याकाळी घरात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

"म्हणजे बाईंचीच मुलाखत घेतली?" जाऊबाई म्हणाल्या. "पोरगी आहे का कोण?"

"झाल्या का पास?" दिरांनी विचारलं.

"'का' सोडून सगळं आलं," किटली म्हणाली. "उद्या परत विचारीन."

मग मला सांगावंच लागलं. बाईंना विचारायची परवानगी नाहीये, तुलाही आता काही घोकायची गरज नाही. तिने विचारलं कोणी नाही दिली परवानगी, मी म्हटलं सरकारने.

"मग मला येतंय ते कोणाला सांगू?"

उत्तर ढब्बूकडे होतं. तो म्हणाला, "मला सांग. पण आधी दादा म्हण." ती दोघं पलंगाखाली जाऊन बसली, आणि बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्न तिथे एकदाचे विचारून झाले.

दुसऱ्या दिवशीही तेच करायला दोघं उजाडायच्या आत उठली. तिथेच घोळ झाला.

किटली रोज पावणेअकराला झोपते. तान्ही असल्यापासून. बालवर्ग साडेदहाला सुटतो, घर जवळ, त्यामुळे तिची झोप ही आमच्या घरात घड्याळासारखी ठरलेली गोष्ट आहे, कोणी तिच्याकडे लक्षही देत नाही. आदल्या दिवशी मुलाखतीच्या नादात ती कशीबशी टळली होती. पहिलीचा वर्ग दीड वाजेपर्यंत असतो. बेचाळीस प्रश्नांचा विचार करणाऱ्या मला या एका गोष्टीचा विचार सुचला नव्हता.

साडेदहाला लहान बाईंनी मणी ओवायला दिले. सात लाल, तीन हिरवे, पुन्हा सात लाल, अशी माळ. किटली मन लावून ओवत होती. मग तिच्या पापण्या जड झाल्या. मान एकदा खाली गेली, वर आली. पुन्हा गेली. मोठ्या बाई तिच्यासमोर, हातभर अंतरावर, वही उघडी.

एक खोकला. एवढंच लागत होतं. एका खोकल्यात ती ताठ बसली असती, आणि कोण म्हणणार होतं की ती खूण आहे? माणसाला खोकला येतोच. मी श्वास भरून घेतलासुद्धा. मग मला कानांपर्यंत चढलेले ते खांदे आठवले. मी पदर तोंडावर घट्ट धरला आणि तो श्वास तसाच आत अडकवून ठेवला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

किटलीच्या हातातली दोरी सुटली. चार मणी घरंगळत गेले, एक मोठ्या बाईंच्या चपलेला जाऊन लागला. तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती तोंड उघडं टाकून झोपून गेली.

"उठवू का?" लहान बाईंनी हळूच विचारलं.

मोठ्या बाईंनी हाताने नको म्हटलं. त्या खाली वाकल्या, मणी गोळा करून तिच्या हाताजवळ ठेवले, घड्याळ पाहिलं, आणि तिच्याकडे बघत बसून राहिल्या. मी मनातल्या मनात बालवर्गाचा गणवेश धुवायला काढला. जाऊबाई काय म्हणतील त्याची वाक्यंही तयार झाली. आणि तरी, ती झोपलेली बघून मला बरंही वाटत होतं. फार छान झोपते ती.

बावीस मिनिटांनी किटली आपली आपण उठली. समोर बाईंना पाहून दचकली नाही. दोरी शोधली, माळ बोटांनी चाचपली, "पाच लाल झालेत," असं स्वतःशीच म्हणाली, दोन लाल घेतले, मग हिरव्यांना हात घातला. माळ पुरी झाल्यावर शेजारच्या मुलाला हिरव्याच्या जागी लाल घातल्याबद्दल ती रागावली, आणि पुढचा तासभर किटलीला जी उकळी फुटली ती साडेबाराच्या घंटेपर्यंत.

दुपारी आम्हा दोघांना मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. नवरा कामावरून दोन तासांची सुट्टी काढून आला होता. किटली काचेच्या पलीकडे काकांना काहीतरी समजावून सांगत होती. बाईंनी वही उघडली.

"माझं अक्षर कोणालाच लागत नाही. वाचून दाखवायचं कलम बहुतेक माझ्यासाठीच घातलंय." त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा आवाज बदलला. "पहिला दिवस. मुलीला प्रश्न विचारले नाहीत. मुलीने प्रमुखाला सतरा प्रश्न विचारले, उत्तरं पूर्ण ऐकून घेतली, एका उत्तराने समाधान झालं नाही असं स्पष्ट सांगितलं. नऊ वाजून दोन मिनिटांनी आई खोकल्या. मुलगी ताठ झाली आणि पुढे केलेला हात तिने मागे घेतला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. "तिला धुळीचा त्रास आहे," तो म्हणाला.

"हो ना," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं. "दुसरा दिवस. पावणेअकराला मुलगी झोपली. कोणी उठवलं नाही. आई खोकल्या नाहीत. बावीस मिनिटांनी स्वतः उठली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे मणी ओवले. मोजणी चुकली नाही. त्यानंतर शेवटपर्यंत ताजीतवानी होती, शेजाऱ्यांना दमवण्याइतकी. निर्णय. पहिलीत प्रवेश द्यावा. पहिले चार महिने पावणेअकराला वर्गात मागे सतरंजी अंथरून अर्धा तास झोपू द्यावं. त्याबद्दल शेरा मारू नये, घरी चिठ्ठी पाठवू नये."

मी वहीत डोकावले. "हे असं चालतं?"

"सोळावं कलम. प्रमुखाला कारण लिहून सोय करता येते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर सगळं वाचलंत म्हणे."

वाचलं होतं. पण सोळाव्यावर चिठ्ठी लावली नव्हती.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि बोटांत फिरवत बसल्या. "जुन्या पद्धतीने तिला आत बोलावलं असतं ना, तर बेचाळीसच्या बेचाळीस आली असती. मी पाच मिनिटांत हो म्हटलं असतं. आणि महिन्याभरात तुमच्या घरी चिठ्ठी आली असती, मुलगी वर्गात झोपते. अशा चिठ्ठ्या मी खूप लिहिल्यात." त्यांनी सही केली, तारीख घातली, वही माझ्याकडे वळवली. खाली पालकांच्या शेऱ्यासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. मी एरवी चार पानं लिहिली असती. मी लिहिलं, "ऐकलं. मान्य. सतरंजी आम्ही आणू."

काकांनी दार उघडलं आणि किटली आत आली. बाईंनी एकदा सहीकडे पाहिलं, वाळली का म्हणून बोट लावून बघितलं, आणि खुर्चीतून पुढे वाकल्या.

"आता मला विचारायची परवानगी आहे. काल तुला केशरी का आवडला?"

"तुमच्या चष्म्याची दोरी केशरी आहे ना, म्हणून," किटली म्हणाली.

बाईंनी गळ्यातला चष्मा काढला आणि दोरीसकट तिच्यापुढे धरला. किटलीने आधी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. ती आता खूण धरली जात नव्हती.

घरी बातमी सांगितली तेव्हा जाऊबाईंनी माळ्यावरून जुनी सतरंजी काढली, झटकली, आणि तिला किती लागेल ते हाताने मोजलं. ढब्बू शेजारी उभा राहून बघत होता.

"मला पण पाहिजे सतरंजी."

"तुला कशाला रे? तुझं वय झालंय ना," मी म्हटलं.

"त्याच्या वयाला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "रोज पावणेअकराला तेही हिच्या शेजारी घोरत असतं."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सतरंजीची घडी घातली, घडीवर कात्री ठेवली, आणि म्हणाल्या, "त्या सोळाव्या कलमात मोठ्या मुलांचंही काही आहे का, बघ गं जरा."

मी पानं काढायला उठले.